मोकळी चौकट

काकांच्या वहीत तीन खुणा असत. काम करायचं असेल तर बरोबरची खूण, नको असेल तर फुली, आणि गिऱ्हाइकाला अजून विचारायचं राहिलं असेल तर जागा तशीच मोकळी. बुऱ्हाणपुरातल्या एका पॉवरलूम कारखान्यात ते मुनीम आहेत. ही पद्धत त्यांना कुणी शिकवली नव्हती, आणि त्यांनाही ती कुणाला समजावून सांगावी लागली नव्हती. मग ऑर्डरी नोंदवायला सॉफ्टवेअर आलं आणि तीन खुणांच्या दोन झाल्या. चौकटीत टिक आहे, नाहीतर नाही.

त्या तिसऱ्या खुणेच्या शोधात एक प्रोग्रॅमर कारखान्याच्या माडीवर येऊन बसली आहे. शेजारच्या रावेरची. खाली मागांचा खडखडाट इतका, की माडीवर बोलायचं तरी आवाज चढवूनच. ती विचारते, "काका, ही चौकट मोकळी आहे म्हणजे नको होतं, की विचारलंच नव्हतं?" काका चष्मा वर करतात. "ते त्या दिवशी कोण बसलं होतं त्याच्यावर आहे, ताई."

कापडाच्या ऑर्डरीत दोन जातींचे प्रश्न असतात. ताणा कुठल्या काउंटचा, बाणा कुठला, इंचाला पिक किती, पन्हा किती? यांना एकेकच उत्तर. एका ताग्याला दोन पन्हे नसतात. अशा प्रश्नांना स्क्रीनवर गोल बटणं देतात. जुन्या मोटारीतल्या रेडिओचं एक बटण दाबलं की आधी दाबलेलं वर यायचं. त्यावरून त्यांचं नाव रेडिओ बटण पडलं.

मागावरून उतरलेल्या कापडाचं पुढं काय करायचं, हा दुसऱ्या जातीचा प्रश्न. या कारखान्याच्या फॉर्मवर त्याला पाच चौकटी होत्या: कोरं, धुलाई, रंगाई, छपाई, कॅलेंडर. कोरं म्हणजे काहीच करायचं नाही, आहे तसा माल द्यायचा. धुलाई म्हणजे कापड पांढरंशुभ्र करायचं. कॅलेंडर म्हणजे तापलेल्या जड रुळांमधून काढून कापडाला सपाटी आणि चकाकी आणायची. गिऱ्हाईक यातलं एक मागेल, तीन मागेल. भरणाऱ्याला हा एक प्रश्न वाटतो. मॉडेल बांधणाऱ्याच्या लेखी ते पाच वेगळे प्रश्न आहेत, प्रत्येकाचं उत्तर हो किंवा नाही. त्यामुळे पाच चौकटींच्या जुळण्या होतात ३२. दहा चौकटी असत्या तर १०२४ झाल्या असत्या.

या ३२ पैकी कामाच्या किती? प्रोग्रॅमरनं पाठकोऱ्या कागदावर मांडायला घेतलं. 'कोरं' आलं की बाकी काही येणार नाही. निदान एक खूण हवीच. रंगाई किंवा छपाई असेल तर आधी धुलाई हवी. एवढ्या तीन अटी लावल्या आणि ३२ च्या १० उरल्या. बावीस जुळण्या अशा, की त्या भरल्या तर माल अडणार किंवा परत येणार. आणि जुनं सॉफ्टवेअर त्या सगळ्या मुकाट्यानं भरून घेत होतं.

कागद पाहून काकांनी मान हलवली, पण पूर्ण नाही. काळ्या रंगाला धुलाई कशाला? खळ काढली, कापड उकळलं की झालं. पांढरंशुभ्र करून पुन्हा काळं कोण करतं? म्हणजे रंगाईला धुलाई हवी, पण गडद रंग सोडून. गडद मालापुरत्या दोन जुळण्या वाढल्या, दहाच्या बारा झाल्या. असा नियम वहीत कुठंही लिहिलेला नव्हता. तो काकांच्या डोक्यात होता आणि काका रजेवर गेले की कारखान्यातही नसे. या कामाचा अर्धा वेळ कोड लिहिण्यात जात नाही, असं कुणाशी तरी बोलत बसण्यातच जातो.

सॉफ्टवेअरशास्त्रालाही ही 'एकापेक्षा जास्त निवडा'ची भानगड लगेच उमगली नव्हती. एकाच घराण्यातल्या अनेक उत्पादनांमध्ये काय सारखं, काय वेगळं, याचं झाड काढायची रीत क्यो कांग आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये मांडली. फीचर मॉडेल म्हणतात ते हेच. त्यात हवंच असणारं होतं, असलं तर असलं असं होतं, आणि यांतलं एकच असंही होतं. 'यांतली एक किंवा अनेक' असा गट नव्हता. त्याची भर १९९८ च्या सुमारास दुसऱ्यांनी घातली. पुढे तर 'कमीत कमी इतकी, जास्तीत जास्त इतकी' असे आकडेच गटावर लिहिण्याची रीत आली.

जास्तीत जास्तची ती मर्यादा बुऱ्हाणपूरला चांगली ओळखीची आहे. २०११ च्या जनगणनेत मातृभाषा एकच विचारली होती आणि येणाऱ्या इतर भाषांना जागा होती दोनच. इथल्या बाजारात उभा राहणारा माणूस घरी मराठी नाहीतर निमाडी बोलतो, गिऱ्हाइकाशी हिंदी, दोस्ताशी उर्दू, आणि सासुरवाड खानदेशातली असेल तर अहिराणीही समजते. तो आपली चौथी-पाचवी भाषा कुठं लिहिणार? मॉडेलनं ठरवलं दोन, म्हणून नोंद दोनाची.

त्याच जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न मात्र मोकळा झाला. २००१ मध्ये एका माणसाचं एकच अपंगत्व नोंदवायचं होतं; ऐकू येत नाही आणि चालताही येत नाही, तर दोनातलं एक निवडा. २०११ मध्ये बहुविध अपंगत्वाचा वेगळा पर्याय आला आणि त्याखाली तीन प्रकारांपर्यंत नोंद करता आली. देशभरात सुमारे २१ लाख माणसं त्या रकान्यात दिसली. एकूण अपंगांची संख्या २.६८ कोटी होती, म्हणजे जवळपास आठ टक्के. ही माणसं दहा वर्षांत अचानक उगवली नव्हती. आधीच्या फॉर्मनं त्यांचं एक दुखणं ठेवून दुसरं खोडलं होतं. अमेरिकेनंही वंशाच्या रकान्यात एकाहून जास्त खुणा करू दिल्या त्या २००० सालच्या जनगणनेपासूनच. तेव्हा ६८ लाख लोकांनी तसं केलं.

माडीवर मात्र घोळ खुणा वाढण्याचा नव्हता. नसलेल्या खुणेचा होता.

झालं असं की एका व्यापाऱ्याचा माल कॅलेंडर न करता गेला आणि परत आला. व्यापारी म्हणे, आम्ही सांगितलं होतं. ऑर्डर भरणारा पोरगा म्हणे, मला कुणी बोललंच नाही. स्क्रीनवर कॅलेंडरची चौकट मोकळी, म्हणून खालच्या माणसानं ते 'नको' असं वाचलं. प्रोग्रॅमर आत शिरली तर दोष थेट ब्राउझरच्या स्वभावात निघाला. वेबपानावरच्या फॉर्ममधली टिक केलेली चौकट सर्व्हरला कळवली जाते. टिक नसलेलीबद्दल ब्राउझर काहीच कळवत नाही. 'नाही' असा निरोपसुद्धा जात नाही. सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमनं त्या शांततेचा अर्थ आपल्या मनानं 'नाही' असा लावून ठेवला होता. व्यवहारात असं कुणी केलं तर भांडण होतं. इथं ते मूळ रचनेतच होतं.

दुसरी खोड डेटाबेसमध्ये सापडली. सगळ्या खुणा एकाच खान्यात स्वल्पविराम देऊन कोंबल्या होत्या: 'धुलाई, रंगाई'. मध्येच कुणीतरी रंगाईचं डाइंग करून टाकलं. त्या दिवसापासून रंगाईचा माल शोधला की अर्धाच सापडे. एका खान्यात एकच गोष्ट ठेवावी हे एडगर कॉडनं १९७० मध्ये मांडलेल्या नात्यांच्या मॉडेलपासून शिकवलं जातं, आणि तेव्हापासून मोडलंही जातं. आता प्रत्येक खुणेची स्वतंत्र ओळ झाली. त्यातून एक जास्तीचा फायदा निघाला, ओळींना क्रम देता आला. चौकटींना क्रम नसतो, कामाला असतो. आधी छपाई, मग कॅलेंडर.

मालकांना मात्र एक सोय हवी होती. छपाईवर टिक केली की धुलाईवर आपोआप व्हावी. प्रोग्रॅमर जरा थबकली. लिनक्सच्या गाभ्यात काय घ्यायचं आणि काय नाही हे हजारो पर्यायांतून ठरतं, आणि ते पर्याय केकॉन्फिग नावाच्या भाषेत लिहिलेले असतात. त्यात 'सिलेक्ट' म्हणून एक शब्द आहे. एक पर्याय निवडला की तो दुसऱ्यालाही ओढून आणतो, पण त्या दुसऱ्याच्या स्वतःच्या अटी पुऱ्या होतात का, हे बघत नाही. तो जपून वापरा असं त्याच्या दस्तऐवजातच बजावलं आहे. शेवटी मालकांना मिळालं ते एवढंच: छपाई निवडली की धुलाईची चौकट पिवळी होऊन विचारते. टिक करायची ती माणसानंच.

एकानं सांगायचं आणि दुसऱ्यानं मान्य करायचं, अशा दोन चौकटी वेगळ्या ठेवण्याचं मोल या जिल्ह्यानं एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. जुलै २०२२ मध्ये बुऱ्हाणपूर देशातला पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हा ठरला. १५ ऑगस्ट २०१९ रोजी ग्रामीण भागातल्या ३७,२४१ घरांत नळ होते, ते १,०१,९०५ घरांत झाले. त्या योजनेच्या नोंदीत 'कळवलं' आणि 'प्रमाणित' हे दोन रकाने आहेत. पहिला सरकारी खातं भरतं. दुसरा भरायला गावची ग्रामसभा भरावी लागते आणि घरोघर पाणी येतं असा ठराव व्हावा लागतो. जिल्ह्यातल्या २५४ गावांनी तो केला. एकाच चौकटीत भागवलं असतं, तर खात्याचं म्हणणं आणि गावाचं म्हणणं एकच होऊन बसलं असतं.

चार दिवसांनी नवा फॉर्म उघडला. आता प्रत्येक प्रक्रियेसमोर तीन जागा आहेत: हो, नको, विचारायचंय. ऑर्डर नवी असेल तर सुरुवातीला सगळं 'विचारायचंय'वर असतं, आणि एकही प्रक्रिया तिथं अडकली असेल तर माल गेटपासची पायरी ओलांडत नाही. भरणाऱ्या पोराची तक्रार आहे की बोटं दुखतात. तक्रार खरी आहे; आधी दोन टिका मारून सुटत होता.

जुन्या ऑर्डरींचं काय करायचं? ज्या मोकळ्या चौकटींचं 'नको' झालं होतं, त्यांतलं खरं 'नको' कुठलं, हे कुठल्याही प्रोग्रॅमला सांगता येणार नव्हतं. म्हणून प्रोग्रॅमरनं त्या सगळ्या राखाडी करून टाकल्या. मालकांनी यादी पाहिली आणि कपाळाला हात लावला. काकांनी कपाटातून लाल कापडाची वही काढली. सॉफ्टवेअर आल्यावरही ते ती गुपचूप लिहीत होते. पानं उलटत एका नावावर थांबले. तिथं त्यांच्या हातची जागाही मोकळीच होती.

त्यांनी फोन लावला. खालच्या मागांमुळे एक कान बोटानं बंद करून ते ओरडून विचारू लागले, "सेठजी, वो पिछले वाले माल में कैलेंडर बोला था क्या?"