वय अकरा, उंची आईएवढी: उंच मुलांच्या कपड्यांचा एक रॅक लावून बघा



"वाढत्या अंगाचं दाखवा" हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा कपड्याचा दुकानदार बारामती-इंदापुरात सापडणार नाही. एक साईज मोठी घ्यायची, सहा महिने ढगळ घालायचं, पुढचे सहा महिने ते बरोबर बसतं. बहुतेक मुलांचं यात भागतं. पण वर्गाच्या रांगेत सगळ्यात मागे उभ्या राहणाऱ्या दोन-तीन मुलांचं भागत नाही. उंचीला पुरेल असा शर्ट घेतला की खांदे उतरतात. कमरेला बसेल अशी पँट घेतली की घोटे उघडे पडतात. आणि मुलगी असेल तर दुकानदार सरळ सांगतो, "आता लेडीजमध्ये बघा."

तिथे अकरा वर्षांच्या पोरीसमोर काय येतं? खोल गळ्याचे टॉप, टक्स घातलेले कुर्ते, बाईमाणसाची डिझाइनं. तिला तर अजून मांजराचं चित्र असलेला टी-शर्ट हवा असतो. आई नको म्हणते, पोरगी हिरमुसते आणि दोघी रिकाम्या हाताने निघून जातात.

या रिकाम्या हाताने जाणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल आज बोलू. माझं म्हणणं आधीच सांगते: यासाठी वेगळं दुकान टाकू नका. चालू दुकानात एक रॅक, हाताशी एक शिलाई मशीन आणि मापाची एक वही, एवढ्यावर हे काम उभं राहतं. कसं, ते बघू.

गिऱ्हाईक किती आहे, ते आधी मोजा

उंच माणसं म्हटलं की पुण्याचं कुलकर्णी कुटुंब आठवतं. शरद कुलकर्णी सात फुटांच्या वर, संजोत कुलकर्णी सहा फुटांच्या वर. भारतातलं सर्वात उंच जोडपं म्हणून त्यांची नोंद लिम्का बुकात झाली होती. पण असं कुटुंब लाखात एखादं. आपलं गिऱ्हाईक ते नाही. आपलं गिऱ्हाईक म्हणजे वर्गातल्या इतरांपेक्षा चार-सहा इंच उंच असलेलं साधं शाळकरी मूल.

ते किती आहेत, हे अंदाजाने बोलायची गरज नाही. बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात भिंतीवर वाढीचा तक्ता लावलेला असतो, तो तुम्ही पाहिला असेल. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठीचे सुधारित तक्ते २०१५ मध्ये काढले. त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर पुढे होते आणि देशातल्या १४ शहरांतल्या मुलांची मापं त्यासाठी जमवली होती. त्या तक्त्यावर सात रेषा असतात. वरून दुसरी रेषा ९० ची, सगळ्यात वरची ९७ ची. अर्थ सोपा आहे. शंभर मुलांमधली साधारण १० मुलं ९० च्या रेषेच्या वर असतात आणि ३ मुलं ९७ च्याही वर.

आता हेच दुकानदाराच्या नजरेने वाचा. सगळ्यात वरच्या रेषेवरच्या अकरा वर्षांच्या मुलीची उंची १५५ सेंटिमीटरच्या आसपास जाते. आपल्याकडच्या मोठ्या बाईची सरासरी उंचीही जवळपास तेवढीच. म्हणजे पाचवी-सहावीतली पोरगी उंचीने आईएवढी असते, पण अंगाने आणि मनाने लहानच असते.

तुमच्या दुकानाच्या आसपासच्या दोन-तीन शाळांत मिळून २००० मुलं आहेत असं धरू. हिशोबाने ६० मुलं फार उंच आणि ती धरून २०० मुलं बऱ्यापैकी उंच निघतील. हे तक्ते मुख्यतः शहरांतल्या, बऱ्या परिस्थितीतल्या मुलांवरून केलेले आहेत. म्हणून आपल्या तालुक्यासाठी आकडा निम्मा करा: ३० आणि १००. तरीही विचार करण्यासारखा आहे ना? मात्र ३० मुलांवर दुकानाचं भाडं निघत नाही. म्हणून म्हणते, दुकान नको, रॅक लावा.

कपडा बसत का नाही?

कारण कळलं तरच उपाय सापडतो. शाळकरी वयात मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं. वयात येताना हाच वेग ८-९ सेंटिमीटरवर जातो. मुलींमध्ये हे आधी होतं, मुलांमध्ये साधारण दोन वर्षं उशिरा. शिवाय या काळात आधी हात-पाय लांबतात आणि धड मागाहून वाढतं. पण रेडिमेड कपड्याचा नंबर वाढला की लांबी, छाती, कंबर, गळा, खांदा सगळंच एकदम वाढतं. मूल उभं वाढतंय आणि कपडा चारी बाजूंनी. तिथेच गाडी अडते.

दुसरी गोष्ट लेबलची. आपल्याकडे लेबलवर "९-१० वर्षं" असं वय लिहिलेलं असतं, नाहीतर २८, ३० असा नंबर. युरोपात मुलांच्या कपड्यांवर बऱ्याचदा उंचीच लिहितात: १२८, १३४, १४०, १४६, दर टप्प्याला ६ सेंटिमीटर. तिथे आई मुलाची उंची सांगते, वय सांगत नाही. भारतीय अंगाची मापं ठरवण्यासाठी निफ्टने जी देशव्यापी मोजणी हाती घेतली, ती १५ ते ६५ वयोगटाची. म्हणजे आपलं हे अकरा वर्षांचं गिऱ्हाईक त्यातही बसत नाही. मोठ्या कंपनीच्या आधी तुम्हीच त्याचं माप घ्यायचं आहे.

मोजपट्टी आणि वही

पहिली खरेदी मालाची करू नका. दुकानाच्या भिंतीवर सेंटिमीटरची पट्टी लावा. मूल बूट काढून, टाच भिंतीला टेकवून उभं राहील एवढी जागा ठेवा. नंतर वहीत सहा मापं आणि तारीख लिहा:

१. उंची
२. छाती
३. कंबर
४. मानेपासून कमरेपर्यंत पाठ
५. कमरेपासून घोट्यापर्यंत पाय
६. खांद्यापासून मनगटापर्यंत हात

मुलीचं माप बाईनेच घ्यायचं, आई शेजारी असताना. पालकांना विचारूनच फोन नंबर लिहा. चार महिन्यांनी एक साधा मेसेज पाठवा: "माप बदललं असेल, येऊन बघून जा." या वहीमुळे दोन गोष्टी होतात. गिऱ्हाईक परत येतं आणि पुढच्या खेपेला कोणत्या मापाचा माल भरायचा ते तुम्हाला आधी कळतं. नाहीतर विचित्र साईजचा माल वर्षानुवर्षं रॅकवर पडून राहतो आणि पैसा अडकतो.

रॅकवर काय ठेवायचं, काय शिवून द्यायचं

पँट, लेगिंग, ट्रॅक पँट हे खालचे कपडे रॅकवर ठेवा, कारण अडचण सगळ्यात आधी पायाकडे येते. पँट कमरेच्या मापाने घ्यायची आणि लांबी खाली वाढवायची. घाऊक व्यापाऱ्याकडे माल बघताना पँट उलटी करून खालची दुमड मोजा. अर्धा इंच असेल तर सोडून द्या. दोन-तीन इंच असेल तर तो माल आपला. कमरेला आतून काज-बटणाचं इलॅस्टिक असेल तर आणखी चांगलं.

ही काही नवी युक्ती नाही. आपल्या आज्या परकराला खाली आडवी दुमड घालून ठेवायच्या आणि पोरगी वाढली की ती उसवायच्या. उसवल्यावर जुन्या दुमडीची रेघ दिसते, तिच्यावर पायपिंग किंवा लेस लावली की तीच डिझाइन होते.

टी-शर्टची लांबी मागाहून वाढवता येत नाही, म्हणून तो जास्त लांबीचाच शोधावा लागतो. फ्रॉकची कंबर वर चढते. तिथे मध्ये पट्टा घालून कंबर खाली आणा, फक्त खाली झालर लावून भागत नाही. मुलींचे कुर्ते मात्र शिवूनच द्या. गळा लहान मुलीचा, टक्स नाहीत, आतून सुती अस्तर, कापडावर तिच्या वयाची चित्रं, आणि लांबी तिच्या उंचीची. आयांना नेमकं हेच कुठे मिळत नाही. सुती कापड शिवण्याआधी भिजवून घ्या. आधीच कमी पडणारी लांबी धुतल्यावर आणखी आटली, तर ते गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही.

शिवणार कोण? बारामतीच्या एमआयडीसीत टेक्स्टाईल पार्क आहे आणि मशीनवर हात बसलेल्या बायका आपल्या भागात आहेत. नगावर काम देऊन सुरुवात करा, पगारी माणूस नंतर. स्वतः शिंपीकाम करणाऱ्यांनी पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी जवळच्या कॉमन सर्व्हिस सेंटरवर करावी. २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत शिंपीही आहेत. त्यात साहित्यासाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज अशी तरतूद आहे.

गणवेशाकडे दुर्लक्ष करू नका

जूनमध्ये शिवलेली पँट दिवाळीनंतर वर जाते, आणि गणवेश तर रोजच घालायचा असतो. २०२४-२५ मध्ये सरकारी शाळांसाठी "एक राज्य एक गणवेश" आलं. एकाच ठिकाणाहून कापड, बचत गटांकडून शिलाई. गणवेश उशिरा आले, मापात बसत नाहीत, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या आणि शेवटी खरेदीचे अधिकार शाळा व्यवस्थापन समित्यांकडे परत गेले. धडा हाच की इयत्तेप्रमाणे माप ठरवलं तर कडेची मुलं राहून जातात.

आता शाळेच्या समितीला भेटा आणि एकच गोष्ट सांगा: "तुमच्या शाळेतल्या सगळ्यात उंच मुलांचे गणवेश मी मापाने शिवून देतो." पूर्ण शाळेची ऑर्डर मागू नका, ती दुसऱ्याकडे असेल तर असू द्या. इंदापूरकरांना तर सोलापूर हायवेवरच आहे. सोलापूरचा गणवेश देशभर जातो. तिथल्या कारखानदाराकडून जादा दुमडीचा माल मागवता येतो, फक्त नग आणि मापं आधी ठरवून द्यावी लागतात. त्यासाठीच ती वही.

हिशोब

उदाहरणासाठी आकडे घेऊ, तुमचे वेगळे असतील. पँटची खरेदी ३५० रुपये, लांबी वाढवण्याची मजुरी ६०, एकूण ४१०. विक्री ५५०. एका नगामागे १४० राहिले. ६० नगांचा रॅक भरायला ३५० प्रमाणे २१,००० रुपये लागतात. वर सांगितलेल्या १०० मुलांपैकी ४० जण जरी तुमचे झाले आणि प्रत्येकाने वर्षाला चार नग घेतले, तरी १६० नग म्हणजे २२,४०० रुपये. यातून दुकानाचा खर्च वजा होणारच. या पैशावर घर चालणार नाही. पण ज्या आईला तिच्या पोरीचे कपडे फक्त तुमच्याकडे मिळतात, ती धाकट्याचे आणि दिवाळीचे कपडे घ्यायलाही तुमच्याकडेच येते. खरी कमाई तिथे आहे.

नोंदणीकृत दुकानदारांसाठी: २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर जीएसटी ५ टक्के आहे. आपला माल जवळपास सगळा त्यातच बसतो.

आणि मजुरी किमतीतच धरा. "तुझी उंची जास्त, म्हणून ६० रुपये जादा" हे वाक्य मुलासमोर बोलू नका.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं

उंच मुलाकडून लोक नेहमीच जास्त अपेक्षा धरतात. सात वर्षांचं पोर दहाचं दिसतं, मग "एवढा मोठा झालास आणि रडतोस?" ऐकतं. एसटीत अर्ध्या तिकिटावरून वाद होतो. दुकानात आल्यावर तुम्हीही "अगं बाई, केवढी वाढलीये! काय खायला घालता?" म्हणालात, तर ती पोर खांदे पाडून आईच्या मागे उभी राहते. तिला माप द्यायचीही लाज वाटू लागते.

म्हणून काउंटरवरच्या पोरांना तीन गोष्टी शिकवा. आधी वय विचारायचं, मग पट्टीशी उभं करायचं. "मोठ्यांच्यात बघा" म्हणायचं नाही, तर "तुला कुठलं चित्र आवडतं?" असं मुलालाच विचारायचं. आणि उंचीवर शेरा मारायचा नाही, कौतुकाचासुद्धा नाही. कुणी पालक काळजीने विचारलंच, "एकदम एवढी का वाढली?", तर आपण डॉक्टर व्हायचं नाही. बहुतेकदा उंची घराण्यातून येते, पण शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, एवढंच सांगायचं.

या आठवड्याचं काम: जवळच्या एका शाळेतल्या खेळाच्या शिक्षकांना भेटा आणि फक्त विचारा, रांगेत मागे उभी राहणारी मुलं किती आहेत आणि त्यांचे पालक कपडे कुठून आणतात. मिळालेलं उत्तर व्हिडिओखाली लिहा. माल भरण्याआधी ते उत्तर तुमच्या हातात हवं.