चरकांची घामाची खोली आणि सोलापूरचा उन्हाळा

सौनाच्या गुणगानाचा मोठा भाग एका अभ्यासावर उभा आहे. फिनलंडमधल्या कुओपिओ भागातल्या ४२ ते ६० वर्षांच्या २,३१५ पुरुषांवर जारी लाउकानेन आणि सहकाऱ्यांनी सुमारे वीस वर्षं लक्ष ठेवलं. २०१५ साली आकडे आले. आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक मृत्यू येण्याचा धोका, एकदाच घेणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के कमी दिसला. अर्थात हे निरीक्षण आहे, कार्यकारण सिद्ध झालेलं नाही. मुळात धडधाकट असलेला माणूसच वरचेवर सौनात जातो, हीही शक्यता उरतेच.

आपल्याकडे मात्र अशा खोलीचा बारीकसारीक आराखडा चरकसंहितेत आहे. यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादलेली, चक्रपाणिदत्तांच्या टीकेसह १९४१ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून निघालेली प्रत उघडावी आणि सूत्रस्थानाचा चौदावा अध्याय काढावा. अग्नीच्या साहाय्याने घाम काढण्याच्या तेरा पद्धती तिथे आहेत. त्यांतली जेंताक ही चक्क इमारत आहे.

जागा कशी हवी? माती काळी किंवा सोनेरी, जवळ तळं, आणि खोली तळ्याच्या दक्षिण किंवा पश्चिम काठाला, पाण्यापासून सात-आठ हातांवर. सिद्धेश्वर तलावाच्या काठी, सोलापूरच्या काळ्या मातीत उभं राहून हे वाचणाऱ्याला जागा शोधत दूर जावं लागणार नाही. खोली गोल, सोळा हात व्यासाची, मातीने लिंपलेली, भरपूर झरोके असलेली. भिंतीलगत हातभर उंच, हातभर रुंद कट्टा थेट दारापर्यंत फिरवलेला. मधोमध पुरुषभर उंचीची, बारीक भोकांची, झाकण असलेली मातीची भट्टी. तिच्यात खैरासारखी लाकडं पेटवायची. ती नीट जळून धूर सरला, की मगच अंगाला तेल लावलेल्या रुग्णाला आत सोडायचं.

आत जाण्याआधी वैद्य त्याला बजावतो: घेरी आली तरी कट्टा सोडू नकोस; सोडलास तर दार सापडणार नाही आणि जीव जाईल. घाम वाहून अंग हलकं झालं, की कट्ट्याच्याच आधाराने दार गाठायचं. बाहेर आल्यावर डोळ्यांच्या रक्षणासाठी लगेच गार पाण्याला हात लावायचा नाही. थोडा विसावा घेऊन कोमट पाण्याने अंघोळ करायची. आजचे डॉक्टर घेरी येण्याची वाटच पाहू नका म्हणतील, आणि तेच बरोबर आहे. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो, झटकन उठणारा माणूस कोसळतो. पण खोली बांधतानाच बाहेर पडण्याची सोय पाहणारी ही दृष्टी फार मोलाची आहे.

डोळे, हृदय आणि वृषण यांना शेक सौम्य द्यावा किंवा देऊच नये, असंही चरक सांगतात. २०१३ साली इटलीतल्या एका छोट्या अभ्यासात दहा पुरुषांनी तीन महिने आठवड्यातून दोनदा सौना घेतला. त्यांची शुक्राणूंची संख्या घटली आणि सौना थांबवल्यावर सहा महिन्यांत पूर्ववत झाली.

कुणाला घाम काढू नये, ही यादी तर लांबलचक आहे: गर्भवती, मधुमेही, नित्य मद्य घेणारे, अतिसाराचे रुग्ण, दुर्बळ, थकलेले, तहानलेले, भुकेले. पॉवरलूमवर पाळी करून पाठ धरलेला कामगार तडक वाफेच्या पेटीत बसू पाहतो, तेव्हा तो या यादीत दोनदा तरी बसतो. दारूचं तर आजही तेच. फिनलंडमधल्या सौनातल्या मृत्यूंत दारूचा वाटा मोठा आढळला आहे. २०१० साली हैनोलातल्या सौना स्पर्धेत ११० अंशांत बसलेला रशियन स्पर्धक दगावला आणि ती स्पर्धाच कायमची बंद झाली.

जिममधली स्टीम खोली हा आणखी वेगळा प्रकार. सौनाची हवा ८० ते १०० अंशांची पण कोरडी, त्यामुळे घाम उडून अंगाला थोडा थंडावा मिळतो. स्टीममध्ये तापमान पुष्कळ कमी असतं, पण दमट हवेत घाम नुसता ओघळतो. कोरड्या सौनाचे आकडे तिला जसेच्या तसे लावणं चूक आहे.

ऋतू पाहूनच शेक द्यावा, असं चरकांनी सांगितलं आहे. घाम अती झाल्याची त्यांची लक्षणं, म्हणजे तहान, दाह, मूर्च्छा, आवाज खोल जाणं, उन्हाचा झटका पाहिलेल्या सोलापूरकराला ओळखीची वाटतील. त्यावर त्यांनी ग्रीष्मातलाच गोड, स्निग्ध, थंड आहारविहार सांगितला आहे. पारा चाळिशीपार असताना मुद्दाम वाफ घेण्यात शहाणपण नाही. थंडीत जरूर घ्यावी. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि पाणी पिऊन. पैसे भरण्याआधी केंद्रचालकाला एवढं नक्की विचारा: आत चक्कर आली, तर मला दारापर्यंत कोण आणणार?