घरासमोरचा रस्ता कोणाचा?

परभणीच्या जुन्या वस्तीत, नानलपेठेकडून गुजरी बाजाराकडे जाताना, पुष्कळ घरांसमोर एक गोष्ट दिसते. कुणी मोठा दगड मांडून ठेवलेला असतो, कुणी फुटकी कुंडी, तर कुणी वाळूने भरलेला तेलाचा डबा. घरधन्याची मोटार बाहेर गेली की तो दगड तिच्या जागेवर पहारा करतो. विचारले तर उत्तर ठरलेले: ‘घर आमचं, मग समोरची जागा कुणाची?’ कायद्याने पाहिले तर रस्ता सार्वजनिक आहे आणि दगड ठेवणे हेच मुळी अतिक्रमण आहे. पण दगड हलवायला कुणी येत नाही, आणि शेजारी शेजाऱ्याशी भांडतो.

जगातील अनेक शहरांनी ह्या दगडाच्या जागी कागद आणला. त्याला रहिवासी परवाना म्हणतात. त्याची रीत साधी आहे. शहराचे लहान लहान भाग पाडायचे. त्या भागात राहत असल्याचा पुरावा जो देईल त्याला वर्षाचे शुल्क घेऊन परवाना द्यायचा. ठरलेल्या वेळी बाहेरच्या गाडीने तेथे थांबायचे नाही, किंवा थांबायचे तर पैसे भरायचे. ह्यात एक गोष्ट लोक हमखास विसरतात. परवान्याने जागा मालकीची होत नाही. त्या हद्दीत जागा रिकामी सापडली तर उभे राहण्याची मुभा, एवढाच त्याचा अर्थ.

जागा सापडते का, हा हिशेब करून पाहू. शंभर मीटर लांबीची गल्ली घ्या आणि तिची एकच बाजू धरा. दोन्ही कोपऱ्यांवर दहा-दहा मीटर मोकळे सोडले तर उरले 80. आठ घरांची फाटके, प्रत्येकी चार मीटर, म्हणजे 32 मीटर गेले. उरलेल्या 48 मीटरांत, गाडीमागे सहा मीटर धरले तर आठ मोटारी मावतात. नगरपालिकेने वीस परवाने वाटले तर बारा घरांनी पैसे भरून दगडच मांडावा! आणि मौज पाहा, ज्याच्या अंगणात मोटारीची सोय आहे तोही फाटकासमोरचे चार मीटर कायमचे अडवतोच. त्याबद्दल त्याला कुणी शुल्क मागत नाही.

एका मोटारीला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात. चौरस फुटांत ती सुमारे 135 होते. आमचा हमालबंधू बायकामुलांसह दहा बाय बाराच्या खोलीत राहतो. तिचे होतात 120, आणि तिला भाडे पडते.

आता परवान्यामागचा खरा तंटा. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील आर्लिंग्टन परगण्यात कचेऱ्यांत येणारे नोकरदार जवळच्या वस्तीत गाड्या लावीत. परगण्याने कामाच्या दिवशी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच परवान्याशिवाय तेथे गाडी लावण्यास बंदी केली. नोकरदार न्यायालयात गेले. रहिवासी आणि परका असा भेद राज्यघटनेविरुद्ध आहे, असे त्यांचे म्हणणे होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. पण 1977 साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला आणि वस्तीची शांतता व हवा राखण्यासाठी असा भेद करता येतो, असे ठरविले.

निकाल आम्हांस समजतो. पण आपल्याकडे बाहेरचा म्हणजे कोण? जिंतूर-गंगाखेडहून जिल्हा रुग्णालयात रोग्याला घेऊन आलेला त्याचा भाऊ. मोंढ्यात सोयाबीनची पट्टी घ्यायला मोटारसायकलवर आलेला शेतकरी. भाजीचा गाडा लावणारी बाई. दिवसभर ‘फक्त रहिवाशांसाठी’ असा फलक लागला तर पहिली गदा ह्यांच्यावर येईल.

आणि फलक लावून भागत नाही. तो पाळला जातो की नाही हे पाहणारा माणूस लागतो. बंदोबस्ताचे गणित असे आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातील सर्वसाधारण दंड पहिल्या खेपेस 100 वरून 500 रुपयांपर्यंत आणि पुढच्या खेपेस 1,500 रुपयांपर्यंत गेला. समजा, चुकीच्या जागी पन्नास वेळा गाडी लावणारा एकदाच सापडतो. म्हणजे त्याला दर खेपेस दहा रुपये पडले. शुल्क वीस रुपये असेल तर नियम मोडणेच स्वस्त! दंड वाढविण्याने हे सुधारत नाही. फेरी रोज आणि न चुकता व्हावी लागते. ब्रिटनने 1960 पासून ह्या कामासाठी वेगळे वॉर्डन नेमले आणि 1991 च्या कायद्याने बहुतेक सारा कारभार पोलिसांकडून स्थानिक संस्थांकडे नेण्याची वाट मोकळी केली. दंड अमान्य असेल तर स्वतंत्र निवाडा करणाऱ्याकडे दाद मागता येते.

आपल्याकडे मात्र दोन धनी आहेत. पट्टे रंगवते महानगरपालिका, पावती फाडतात वाहतूक पोलीस. 1988 च्या कायद्याचे कलम 117 सांगते की गाड्या कोठे उभ्या राहाव्यात आणि प्रवासी वाहनांनी कोठे थांबावे, हे स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवावे. कलम 127 प्रमाणे निषिद्ध जागी लावलेली किंवा दहा तास बेवारस राहिलेली गाडी उचलायची वा तिला जॅमर लावायचा, तर गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याची परवानगी लागते. ठेकेदाराची पोरे नुसती साखळी घेऊन आली तर ‘साहेब कुठे आहेत’ असे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

एक अनुभव सांगतो. जिल्ह्यातील एका गावी आमचे ऑटोवाले वर्षानुवर्षे एकाच झाडाखाली उभे राहत. एका सकाळी ओळीने पावत्या फाटल्या. आम्ही एका कचेरीत गेलो. तिने दुसरीकडे बोट दाखविले, दुसरीने पहिलीकडे. शेवटी कळले की तो थांबा कोणत्याच कागदावर नव्हता. ह्यात चूक आमचीही होती. संघटनेने सभा पुष्कळ घेतल्या. थांब्यासाठी लेखी अर्ज एकही केला नव्हता.

परवान्याच्या पैशाचेही पाहायला हवे. लंडनच्या बार्नेट भागात 2011 साली परिषदेने रहिवासी परवाना 40 पौंडांवरून 100 पौंडांवर नेला. जास्तीचे उत्पन्न इतर वाहतूक खर्चाला वापरायचे होते. रहिवाशांच्या वतीने दावा झाला, आणि 2013 साली उच्च न्यायालयाने ही वाढ बेकायदा ठरविली. गाड्यांचे नियमन करण्यासाठी दिलेला अधिकार तिजोरी भरण्यासाठी वापरता येत नाही, असे सांगितले. परभणीत उद्या परवाना आला तर हा निकाल नगरसेवकांनी जरूर वाचावा.

तो येणारच नाही, असे समजू नका. 2025 च्या मे महिन्यात राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी गाडी लावण्याच्या जागेचा दाखला नसेल तर नवी मोटार नोंदवू नये, असा विचार जाहीर केला. जपानने 1962 च्या कायद्याने हेच केले: आधी जागा दाखवा, मग मोटार घ्या. आम्हांला ही वाट परवान्याहून बरी वाटते. तीत ओझे मोटार घेणाऱ्यावर पडते. खोटे दाखले मिळणार नाहीत, एवढे पाहिले पाहिजे.

परवानाच द्यायचा तर तो रात्रीपुरता द्यावा, नऊ ते सकाळी आठ. दिवसा रस्ता थोड्या वेळाच्या कामासाठी सर्वांना खुला असावा. पट्टे मारण्याआधी ऑटोथांबे आणि गाड्यांच्या जागा नकाशावर याव्यात. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे विक्रेत्याला हलवायचे तर 30 दिवसांची नोटीस लागते आणि नगर पथविक्रेता समितीत 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतात. तेव्हा पट्ट्यांची आखणी त्या समितीपुढे आलीच पाहिजे. ह्या रविवारी आमची चार माणसे टेप आणि खडू घेऊन गुजरी बाजाराच्या बाजूच्या गल्ल्या मोजणार आहेत. ज्यांच्या दारात दगड आहे त्यांनीही यावे. टेपचे दुसरे टोक धरायला माणूस लागतोच.