कपाटातील संगणक आणि मुक्त आज्ञावली

शाळेला संगणक मिळाला म्हणजे संगणक शिक्षण सुरू झाले, असा समज काही काळ रूढ होता. केंद्र शासनाने डिसेंबर २००४ मध्ये सुरू केलेल्या शालेय माहिती तंत्रज्ञान योजनेमुळे माध्यमिक शाळांतून संगणक कक्ष उभे राहिले. पुढे लोकवर्गणीतून व स्थानिक निधीतून प्राथमिक शाळांपर्यंतही यंत्रे पोहोचली. देखभालीची व्यवस्था मात्र मागे राहिली. जडवस्तुसंग्रह नोंदवहीत जमा असलेला संगणक प्रत्यक्षात कापडाखाली झाकलेला आढळावा, हे दृश्य शाळा तपासणीस जाणाऱ्या अधिकाऱ्यांना अपरिचित नाही.

या प्रश्नाला अलीकडे नवी धार आली आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ‘विंडोज १०’ या प्रणालीला मिळणारे नेहमीचे विनामूल्य साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तिच्या पुढील ‘विंडोज ११’ ही प्रणाली साधारणपणे २०१७ पूर्वीच्या संगणकांवर अधिकृतपणे चालत नाही. यंत्र धडधाकट असूनही केवळ आज्ञावलीअभावी ते निकामी ठरावे, अशी स्थिती त्यामुळे उद्भवते. परभणी जिल्ह्यातील नऊ तालुक्यांतल्या शाळांनाही या प्रश्नाचा विचार करावा लागणार आहे. जिंतूर किंवा पालमच्या एखाद्या खेड्यातील शाळेने नवे संगणक कोणत्या शीर्षाखाली घ्यावयाचे, हा प्रश्न सोपा नाही. अशा वेळी मुक्त आज्ञावलीचा पर्याय गांभीर्याने पाहण्याजोगा आहे.

मुक्त आज्ञावली म्हणजे काय, हे परभणीकरांना समजावून सांगण्यास फार दूर जावयास नको. येथील कृषी विद्यापीठाने दिलेले ‘परभणी मोती’ हे ज्वारीचे सरळ वाण आहे. शेतकऱ्याने चांगली कणसे निवडून त्याचे बियाणे घरी राखावे, शेजाऱ्याला द्यावे, यास अडचण नाही. संकरित बियाणे मात्र दरवर्षी दुकानातून आणावे लागते. परवान्याने बांधलेली आज्ञावली या दुसऱ्या प्रकारात मोडते. मुक्त आज्ञावली कोणत्याही कामासाठी वापरण्याची, ती कशी चालते हे उघडून पाहण्याची, तिच्या प्रती वाटण्याची आणि सुधारून पुन्हा वाटण्याची मोकळीक तिच्या परवान्यातच दिलेली असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ‘लिनक्स’ हा प्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला. या दोहोंच्या आधारे उभ्या राहिलेल्या प्रणाली जगभर चालतात. बहुतेकींना मूल्य पडत नाही. त्या बसविण्यास व शिकविण्यास लागणारे श्रम मात्र कोणीतरी द्यावेच लागतात. स्वयंसेवकांचा संबंध येथे येतो.

शाळांच्या बाबतीत देशात सर्वांत मोठे काम केरळने केले. तेथील शासनाने शालेय शिक्षणात मुक्त आज्ञावली स्वीकारली, पाठ्यपुस्तके तिच्या आधारे तयार केली आणि शिक्षकांनाच प्रशिक्षक बनविले. २०१९ मध्ये दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी लिनक्सवर आधारित प्रणालीची नवी आवृत्ती तेथे देण्यात आली. २०१८ पासून विद्यार्थ्यांची ‘लिटल काइट्स’ ही मंडळे शाळाशाळांतून काम करतात. महाराष्ट्रातही रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैराट-धनगरवाडा येथील एकशिक्षकी शाळेत ऑक्टोबर २००७ मध्ये मुलांना छोटे संगणक देण्यात आले होते. त्यांवरील प्रणाली लिनक्सचीच होती. लहानशा वस्तीतील मुले अपरिचित यंत्र किती लवकर आत्मसात करतात, हे त्या प्रयोगाने दाखविले.

मराठी शिक्षकांच्या दृष्टीने अधिक उपयोगाचा ठरावा असा उपक्रम मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा आहे. ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या नावाने तेथे सुमारे दहा दहा मिनिटांचे ध्वनिचित्र पाठ तयार झाले असून त्यांपैकी अनेकांचे निवेदन मराठीत उपलब्ध आहे. पडद्याच्या एका बाजूला पाठ व दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष कृती, अशी ही पद्धत आहे. पाठ एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसले तरी चालते. तज्ज्ञ शिक्षक गावात नसला तरी अडत नाही, हा तिचा मोठा गुण म्हटला पाहिजे.

स्वयंसेवक कोठून आणावयाचे? जिल्ह्यातील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची विशेष शिबिरे खेड्यांतूनच भरतात. श्रमदान व वृक्षारोपणाच्या जोडीला शाळेच्या संगणक कक्षाचे काम शिबिरात घेता येईल. पहिल्या दिवशी प्रत्येक यंत्राची स्मृती, चकती व वीजजोडणी तपासून नोंद करावी. जुन्या धारिका इतरत्र उतरवून घेतल्याखेरीज कशासही हात लावू नये. लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. चकतीवरील काहीही न बदलता यंत्र जुळते की नाही, हे त्यावरून कळते. जमल्यास मग ती कायम बसवावी. स्मृती कमी असलेल्या यंत्रांसाठी ‘लुबुंटू’सारख्या हलक्या प्रणाली आहेत. लेखनासाठी ‘लिबरऑफिस’ आणि मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक द्यावा. जुन्या, युनिकोडपूर्व अक्षरजुळणीतील कागदपत्रे नव्या प्रणालीत अर्थहीन चिन्हांसारखी दिसतात. ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे इष्ट. ‘किविक्स’च्या साहाय्याने, १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया इंटरनेटवाचून वाचता येतो. वाचनालय नसलेल्या शाळेस ही सोय लहान नव्हे.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे येथे मोठ्या हौसेने म्हटले जाते. योगायोगाने जर्मनीचा अनुभवही या संदर्भात बोलका आहे. म्युनिक शहराच्या प्रशासनाने आपले हजारो संगणक लिनक्सवर नेले. परंतु २०१७ मध्ये परत फिरण्याचा निर्णय घेतला. त्याच देशातील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने मात्र एप्रिल २०२४ मध्ये सुमारे तीस हजार शासकीय संगणकांवर लिबरऑफिस आणण्याचे ठरविले. आज्ञावली एकदा बदलली की प्रश्न कायमचा मिटतो, असे म्हणता येत नाही. जुना मुद्रक नव्या प्रणालीशी जुळत नाही, एखादे कार्यालय ठराविक स्वरूपाचीच धारिका मागते, सवय झालेले शिक्षक कुरकुरतात. म्हणून शाळेच्या कार्यालयीन माहिती भरण्याचा एक संगणक आहे तसा ठेवून वर्गातील संगणकांपासून आरंभ करणे शहाणपणाचे होय.

खरी अडचण शिबिर संपल्यानंतर येते. स्वयंसेवक परत गेले आणि परवलीचा शब्द त्यांच्याबरोबरच गेला, तर यंत्र पुन्हा कपाटात जाते. शाळा व्यवस्थापन समितीने एक शिक्षक व वरच्या वर्गातील चार विद्यार्थी या कामी नेमावेत. परवलीचे शब्द, बसविलेल्या आज्ञावलींची नावे व बिघाडांची नोंद एका वहीत मुख्याध्यापकांकडे असावी. महाविद्यालयाने महिन्यातून एक फेरी मान्य करावी आणि ग्रामपंचायतीने शाळेचे वीजबिल थकू न देण्याची जबाबदारी ठरावाने घ्यावी. पुढील शिबिरातील तुकडीच्या हाती प्रथम ही वही द्यावी आणि नोंदविलेल्या बिघाडांपासूनच कामास सुरुवात करावी.