वितळलेल्या मिठातील इलेक्ट्रॉनांची देवघेव

विद्यार्थिदशेत आमच्यापैकी अनेकांनी उत्तरपत्रिकेत एक चूक निष्ठेने लिहिली : वितळलेल्या मिठातून वीज जाते, म्हणजे त्यातून इलेक्ट्रॉन वाहतात. वसतिगृहाच्या अभ्यासिकेत व्याख्या मुखोद्गत झाल्या होत्या. पण इलेक्ट्रॉन येतो कोठून आणि जातो कोठे, हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता.

मिठात सोडियमचा धन आयन व क्लोराइडचा ऋण आयन असतो. घन मिठात हे आयन आपापल्या जागी जखडलेले असतात, म्हणून ते विजेचे वहन करीत नाही. ८०१ अंश सेल्सिअसला मीठ वितळले की आयन मोकळे होतात. त्यात दोन विद्युताग्रे बुडवून विद्युतप्रवाह सुरू केला की सोडियमचे आयन ऋणाग्राकडे आणि क्लोराइडचे आयन धनाग्राकडे सरकतात. द्रवातून प्रवास होतो तो आयनांचा. इलेक्ट्रॉन वाहतात ते बाहेरच्या तारेतून.

ऋणाग्रावर सोडियमचा प्रत्येक आयन एक इलेक्ट्रॉन घेतो आणि धातुरूप सोडियम होतो. हे क्षपण. धनाग्रावर क्लोराइडचे दोन आयन प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन देतात आणि त्यांचा मिळून क्लोरीन वायूचा एक रेणू होतो. हे ऑक्सिडीकरण. धनाग्रावर दिलेले इलेक्ट्रॉन तारेत शिरतात आणि विद्युतघट तेवढेच इलेक्ट्रॉन ऋणाग्राकडे ढकलतो. हा हिशेब काटेकोर असतो : सुमारे ९६,५०० कूलोम विद्युतप्रभार वाहिला की २३ ग्रॅम सोडियम व ३५.५ ग्रॅम क्लोरीन मिळतो.

मग मीठ पाण्यात विरघळवून का भागत नाही? कारण सोडियमच्या आयनापेक्षा पाणी इलेक्ट्रॉन अधिक सहज स्वीकारते आणि ऋणाग्रावर हायड्रोजन मिळतो. हम्फ्री डेव्ही यांनाही पाण्यातील द्रावणांनी दाद दिली नव्हती. १८०७ मध्ये त्यांनी वितळलेल्या कॉस्टिक पोटॅशमधून पोटॅशियम आणि थोड्याच दिवसांत कॉस्टिक सोड्यातून सोडियम वेगळे केले. आज कारखान्यात मिठात कॅल्शियम क्लोराइड मिसळून सुमारे ६०० अंशांवरच मिश्रण द्रवरूप ठेवतात; त्यामुळे इंधन वाचते.

शाळेच्या प्रयोगशाळेत एवढे तापमान गाठता येत नाही. परंतु कागदावर दोन विद्युताग्रे काढून प्रत्येक इलेक्ट्रॉनची वाट बोटाने दाखविता येते. पालकांनी आपल्या पाल्याला एकदा ती दाखवावयास सांगावे. जो विद्यार्थी ती वाट न अडखळता पूर्ण करील, त्याला क्षपण आणि ऑक्सिडीकरण या शब्दांचे पाठांतर करावे लागणार नाही.