पत्रकावरची चार नावं

राष्ट्र सेवा दलाची ओळख करून द्यायची वेळ आली की एक वाक्य ठरलेलं असतं: निळू फुले, दादा कोंडके, राम नगरकर, स्मिता पाटील हे सगळे सेवा दलातूनच आले. चारही नावं एका दमात म्हटली जातात. समोर बसलेल्या पालकाच्या भुवया वर जातात आणि बोलणाऱ्याचं अर्धं काम होतं. शिबिराला पोरगं पाठवायचं की नाही, याचा निकाल पुष्कळदा तिथेच लागतो.

पण ही नावं पत्रकावर पहिल्यापासून नव्हती. ४ जून १९४१ रोजी सेवा दल नव्या रूपात उभं राहिलं तेव्हा एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शाखांकडे ओढल्या जाणाऱ्या तरुणांना स्वातंत्र्याच्या आणि समतेच्या बाजूला आणायचं, असा सरळ हेतू होता. लगेच पुढच्या वर्षी बेचाळीसचा लढा आला. त्या काळात पोरं शाखेवर आली ती एसेम, साने गुरुजी, नानासाहेब गोरे यांच्या शब्दाखातर. त्यांच्या नावामागे तुरुंग होता, पडदा नव्हता.

पडद्याकडे जाणारी वाट तयार झाली ती सेवा दलाच्या कलापथकात. संध्याकाळच्या शाखेवर खेळ, कवायत, गाणी आणि बौद्धिक होत असे. पण गावात जाऊन जातीभेदाविरुद्ध बोलायचं तर नुसत्या बौद्धिकाला कोण बसणार? म्हणून तमाशाचा साचा उचलला. गण, गवळण, बतावणी, वग हे सगळं तसंच ठेवलं आणि आतला मजकूर बदलला. वसंत बापटांनी गाणी दिली, लीलाधर हेगडे यांनी आवाज दिला, सुधा वर्दे यांनी नृत्यं बसवली. पु. ल. देशपांडे यांचं ‘पुढारी पाहिजे’ याच रंगमंचासाठी लिहिलं गेलं. मध्यमवर्गीय घरातल्या मुली लोकनाट्यात उभ्या राहू लागल्या. ‘तमाशात काम करते’ हे वाक्य ज्या घरांत उच्चारणंही कठीण होतं, तिथे हे घडलं, याची नोंद पत्रकावर सहसा नसते.

निळू फुले या वाटेने आले. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात ते माळीकाम करायचे. पगार महिना ८० रुपये, आणि त्यातले १० सेवा दलाला. पगाराचा आठवा हिस्सा! ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगाने नाव झालं, पुढे १९६८ साली ‘एक गाव बारा भानगडी’ आला आणि महाराष्ट्राला आपला खलनायक मिळाला. दादा कोंडके मुंबईच्या गिरणगावातले. कलापथकातली विनोदाची जागा सांभाळत ते वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’पर्यंत पोचले. त्याच लोकनाट्यात राम नगरकरही होते. आपल्या न्हावी घरातल्या आयुष्यावर त्यांनी पुढे ‘रामनगरी’ उभी केली. स्मिता पाटीलचे तर आई-वडीलच चळवळीतले. शाळकरी वयात तीही कलापथकाबरोबर फिरली.

म्हणजे सेवा दलाने नटांना बोलावलं नव्हतं, आणि नट घडवायला ते निघालंही नव्हतं. कार्यकर्ते घडवताना काही नट होऊन गेले. सत्तरच्या दशकात ‘सोंगाड्या’, ‘सामना’, ‘भूमिका’ आले तेव्हा ही जुनी ओळख एकदम कामाची वाटू लागली. ‘आमच्या शाखेतला’ असं म्हणण्यात आनंद होता, आणि तो खोटा नव्हता.

अडचण दादांपाशी येते. १९७१ साली ‘सोंगाड्या’ला दादरचं कोहिनूर थिएटर मिळेना, तेव्हा धावून आली ती शिवसेना. पुढे दादा सेनेच्या प्रचारसभा गाजवू लागले. सेवा दलाच्या विचाराशी याचा मेळ कसा घालायचा? घातला गेला नाही. नाव तेवढं यादीत राहिलं. द्व्यर्थी संवादांबद्दल नाक मुरडणारे कार्यकर्तेही यादी म्हणताना दादांना वगळत नाहीत. नामवंतांची यादी अशीच असते. तिला माणसाचा पहिला मुक्काम पुरतो, पुढच्या प्रवासाची चौकशी ती करत नाही. स्मिताच्या बाबतीत तर पुढचा प्रवासच फार उरला नाही. १३ डिसेंबर १९८६ रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी ती गेली.

निळूभाऊंची गोष्ट वेगळी, कारण त्यांनी नुसतं नाव वापरू दिलं नाही, स्वतः राबले. सामाजिक कृतज्ञता निधी ही सेवा दलाची संस्था नव्हे, पण माणसं त्याच गोतावळ्यातली. चळवळीत पूर्णवेळ काम करणाऱ्यांना दरमहा काही मानधन मिळावं म्हणून निधी उभारायचा होता. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, तनुजा अशा मंडळींनी अत्र्यांचं ‘लग्नाची बेडी’ घेऊन महाराष्ट्रभर दौरे केले. लोक नट बघायला आले, तिकिटं काढून हसले, आणि त्या पैशाच्या व्याजावर कुठल्या तरी तालुक्यातल्या कार्यकर्त्याचं घर चाललं. प्रसिद्धीचा याहून रोकडा उपयोग आपल्याकडे क्वचितच झाला असेल. पडद्यावर वाड्यातल्या पाटलाच्या रूपात ज्याने गरिबाला नाडलं, तोच माणूस प्रत्यक्षात गरिबाच्या बाजूने वणवण करत होता, हे प्रेक्षकांना ठाऊक होतं. त्यामुळे नाव सांगायची गरजच पडली नाही.

१३ जुलै २००९ रोजी निळूभाऊ गेले. चौघांतलं कोणीच आता नाही, पण वाक्य तेच आहे. ते ऐकून आजोबांचे डोळे चमकतात, वडील मान डोलावतात, आणि ज्याला शिबिराला पाठवायचं तो बारा वर्षांचा मुलगा विचारतो, ‘हे कोण?’ दरम्यान गावोगावच्या रात्री दूरचित्रवाणीने भरल्या आणि डफ घेऊन येणाऱ्या कलापथकांची वाट पाहणं थांबलं. झाडाची फळं पत्रकावर छापली जात राहिली, आळ्यात पाणी घालणारे हात मात्र कमी झाले.

त्या मुलाला चार सिनेमांची नावं सांगून काही होणार नाही. ८० रुपये पगार असलेला एक माळी दर महिन्याला १० रुपये काढून ठेवायचा, एवढं सांगावं. मग तो कदाचित दुसरा प्रश्न विचारेल: ‘का?’ शाखा तिथून सुरू होते.