कुठे, केव्हा आणि कोणाच्या अमलात

महानुभाव पंथाच्या 'स्थानपोथी'त गावामागून गाव येते. चक्रधरस्वामी तिथे कोठे उतरले, कोठे बसले, ते देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून होते, गावाच्या कोणत्या अंगाला होते, अशी नोंद पोथी करत जाते. मुनिव्यासांच्या नावावरचा हा ग्रंथ चौदाव्या शतकातला. त्याआधी, तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'त स्वामींच्या आठवणी जमवल्या होत्या. स्थानपोथीने त्या आठवणींच्या जागा नोंदवल्या. रिद्धपूर, पैठण, डोमेग्राम अशा ठिकाणच्या ओट्यांना पंथीय आजही वंदन करतात. अमेरिकन अभ्यासक ॲन फेल्डहाउस यांनी २००३ च्या 'कनेक्टेड प्लेसेस'मध्ये शिखर शिंगणापूरच्या कावडी, पालख्या आणि नद्यांच्या जोडीने हा महानुभावी भूगोलही अभ्यासला. माणसांच्या जाण्यायेण्यातून प्रदेश कसा घडतो, हे त्या पुस्तकातून कळते. मानव्यविद्यांमधल्या डिजिटल नकाशांचा आढावा मला म्हणूनच इथून सुरू करावासा वाटतो. साधने नवी आहेत, प्रश्न आपल्याकडे जुना आहे.

साधनांबद्दल थोडक्यात. भौगोलिक माहिती प्रणाली म्हणजे जीआयएस. तिच्यात नद्या, रस्ते, चढउतार, गावे यांचे वेगवेगळे थर एकावर एक ठेवता येतात आणि प्रत्येक बिंदूमागे हवी तेवढी माहिती साठवता येते. २००२ मध्ये सुरू झालेले क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर आज विद्यापीठांत सर्रास वापरले जाते. जुना नकाशा स्कॅन करायचा, त्यावरचे संगम, देवळे, किल्ले आजच्या अक्षांश-रेखांशांशी जुळवायचे, की तो आजच्या जमिनीवर बसतो. कागदपत्रांतली स्थळनामे तक्त्यात भरून तीही त्यावर मांडता येतात. इतके शिकायला संगणकतज्ज्ञ व्हावे लागत नाही. खरी मेहनत पुढे, नकाशाला काय विचारायचे हे ठरवताना लागते.

तो प्रश्न नेमका असला की काय होते, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतले आहे. तिथल्या यादवी युद्धात, गेटिसबर्गच्या १८६३ च्या लढाईत दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली हरला. त्याने तसे निर्णय का घेतले यावर ग्रंथांचे ढीग आहेत. भूगोलतज्ज्ञ ॲन केली नोल्स यांनी जुन्या सर्वेक्षणावरून रणभूमीचे चढउतार संगणकावर पुन्हा उभे केले आणि एकच गोष्ट विचारली: ली उभा होता तिथून त्याला काय दिसत होते? शत्रूच्या फौजेचा मोठा भाग त्याच्या नजरेआड होता, असे त्यातून पुढे आले.

सह्याद्रीतल्या किल्ल्यांना हा प्रश्न विचारण्याचा मोह कोणालाही होईल. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. सिंहगडावरून राजगड, तोरणा, पुरंदर दिसतात हे भटके जाणतातच. कोणत्या गडावरून कोणती घाटवाट नजरेत येते, हेही आता संगणक दाखवू शकतो. मात्र फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' यानाने मोजलेल्या ज्या उंचीच्या आकड्यांवर बहुतेक जण भिस्त ठेवतात, त्यांतला एक चौकोन सुमारे तीस मीटरचा असतो. त्यात ताशीव कडा उतरंड होऊन जातो. आषाढातले धुके तर त्या आकड्यांत नसतेच. शिवाय एक गड दुसऱ्याला दिसतो म्हणजे तिथून इशारे जात होते, असे सिद्ध होत नाही. त्यासाठी कागदच शोधावा लागतो.

वाटांचेही असेच. सर्वांत कमी श्रमाची वाट संगणक उताराच्या हिशेबाने काढतो. पण लमाणांचे धान्य लादलेले बैल चारा आणि पाणी पाहून चालत, आणि व्यापारी जकातीची चौकी कुठे आहे तेही पाहत. या गोष्टींचे थर घातल्याशिवाय निघालेली रेघ देखणी असते, तिच्यावरून कोणी गेले असेलच असे नाही.

रंगवलेल्या राजकीय नकाशांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. अठराव्या शतकातले मराठी राज्य एका सलग भगव्या रंगात दाखवायची आपल्याला सवय आहे. निजामाच्या मुलखातल्या कितीतरी गावांत मात्र दुअंमल होता: एकाच गावाचा वसूल निजामाचाही आणि मराठ्यांचाही. मराठ्यांच्या वाट्याचेही पुन्हा तुकडे पडत. सरदेशमुखी वेगळी, चौथाईतून पाव हिस्सा बाबती म्हणून छत्रपतींचा, सहा टक्के साहोत्रा, तीन टक्के नाडगौडा आणि उरलेला मोकासा सरदारांचा. अशा गावाला कोणता रंग द्यायचा? जीआयएसचे सामर्थ्य इथेच वापरावे. एका गावाच्या बिंदूमागे पाच हक्कदार, त्यांचे हिस्से आणि त्यांची वर्षे नोंदवता येतात. पेशवे दफ्तरातल्या मोडी कागदांवरून एखाद्या परगण्याचा असा नकाशा केला, तर सीमारेषेची आपली कल्पनाच बदलावी लागेल.

भाषेच्या बाजूने आशादायक काम झाले आहे. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण केले. त्यातले शब्द आणि व्याकरणाची रूपे नकाशांवर आणि ध्वनिमुद्रणांसह सर्वांना खुली आहेत. जात्यावरच्या ओव्यांचा साठा तर याहून विलक्षण. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७ पासून 'पारी' हे संकेतस्थळ त्या प्रसिद्ध करत आहे. गाणारीचे नाव आणि गाव नोंदलेले असल्यामुळे ओवीतली पंढरी, आळंदी, जेजुरी, बाजारपेठ, भावाचे गाव हे सारे गाणारीच्या गावाशी जोडून पाहता येईल. असा नकाशा झाला तर सरदारांच्या स्वाऱ्यांइतकाच बायकांच्या ओढीचा प्रदेशही आपल्याला दिसेल. पण एक धोका आहे. ओवी नोंदली गेली सासरी, ती शिकली बहुधा माहेरी. ठिपका सासरच्या गावावर ठेवला तर बोलीचा आणि परंपरेचा पत्ता चुकतो. म्हणून प्रत्येक ओवीला किमान दोन गावे हवीत.

गावांचा हा घोळ निस्तरायला ऐतिहासिक स्थलकोश लागतो. चीनसाठी हार्वर्ड आणि फुदान विद्यापीठांनी २००१ पासून असे काम केले: प्रत्येक प्रशासकीय घटकाला आरंभाचे आणि अखेरीचे वर्ष. मराठी मुलखाला त्याची गरज तितकीच आहे. बेलापूर नवी मुंबईत आहे आणि श्रीरामपूरजवळही. पिंपळगाव आणि वडगाव किती आहेत हे ज्याने कागद वाचले त्यालाच ठाऊक. उस्मानाबादचे धाराशिव झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर. गाव मौजे की कसबा, परगणा कोणता, कोणत्या वर्षी, कोणत्या कागदात, आणि ठिकाणाबद्दल खात्री किती, एवढे रकाने तरी हवेतच. शेवटचा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण नकाशावर संशयित जागाही ठाम ठिपका होऊन बसते.

परवानगीचा अडसर आता बराच दूर झाला आहे. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीयांसाठी नकाशे करणे सोपे केले. १९५० च्या दशकातले अमेरिकी लष्करी नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने जालावर ठेवले आहेत. जायकवाडी आणि उजनी धरणे होण्यापूर्वीची गोदा-भीमा त्यांत पाहता येते.

मला विचाराल तर सुरुवात इंदापूर तालुक्यापासून करावी. १८३५-३६ मध्ये विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीची पद्धत इथेच घडवली. पुढे १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाने याच तालुक्यातली गावठाणे पोटात घेतली. पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते. मोजणीचे कागद, जुने नकाशे आणि उपग्रहचित्रे एकत्र आणणारा अभ्यासगट मराठी, इतिहास आणि भूगोल या तीन विभागांनी मिळून उभा करावा. शेतांची नावे, पाणंदी, पाणवठे, शिवेवरचे देव मात्र यांतल्या कोणत्याच कागदात पुरते सापडणार नाहीत. ते सांगू शकतील अशी, त्या गावठाणांत वाढलेली माणसे आज साठीच्या पुढे आहेत. पहिल्या मुलाखती त्यांच्या घ्याव्यात, सॉफ्टवेअर नंतर उघडावे.